सोमवारची रांग

मी वजनकाटा बोलतोय. मिनेसोटातल्या एका कॉलेजात, मुलींच्या धावण्याच्या संघाने ज्याच्यावर उभं राहून डोळे मिटून घेतले, तोच मी.

मला घडवलं होतं दवाखान्यासाठी. कॉलेजात आलो तेव्हा लोरेटाबाईंच्या खोलीत माझी जागा होती. खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या बांधणं, दुखणीखुपणी बघणं हे त्यांचं काम. ऑगस्टच्या उकाड्यात मुली धावून आल्या की बाई दार लोटून घ्यायच्या, एकेकीला माझ्यावर उभं करायच्या, घामावाटे किती पाणी गेलं ते बघायच्या आणि हातात बाटली द्यायच्या. तेव्हा मी ताठ मानेने जगत होतो.

मग हॅस्किन्स नावाचे नवे कोच आले. त्यांनी मला कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बोळात आणून ठेवलं. दर सोमवारी सगळा संघ अनवाणी रांगेत. एकेकीने चढायचं आणि कोचनी आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचायचा. लोरेटाबाईंनी एकदा हरकत घेतली. त्यांना गोड शब्दांत नोकरीची आठवण करून देण्यात आली. बाई पुन्हा घोट्यांना पट्ट्या बांधायला लागल्या.

कोरिन वास्को दुसऱ्या वर्षाला होती. वडील साखर कारखान्यात बीटाचे ट्रक चालवायचे. तिचं शिक्षण धावण्याच्या शिष्यवृत्तीवर चाललं होतं आणि ती शिष्यवृत्ती दरवर्षी कोचच्या मर्जीनेच पुढे चालू राहायची. थँक्सगिव्हिंगची, म्हणजे घरोघरी टर्की पक्षी भाजून खाण्याच्या सणाची, सुट्टी संपवून ती माझ्यावर चढली. कोचनी आकडा वाचला आणि म्हणाले, "आईच्या हातची टर्की अजून अंगावरच दिसतेय."

रांगेत हशा पिकला. कोरिनही हसली. पण तिच्या तळव्यांना सुटलेला घाम माझ्या अंगावर उतरला.

त्यानंतर दर सोमवारी ती हलकी होत गेली. वसंतातली मोठी शर्यत तिने जिंकली, तेव्हा कोचनी तिला रांगेपुढे उभं केलं. हिच्याकडे बघून शिका, म्हणाले. मुली शिकल्या. नुसता पाला खायचा, वर काळी कॉफी प्यायची. पुढच्या हंगामात नवी आलेली जूनी टॅलमन तर कोरिनच्या मागेमागेच असायची. माझ्याशेजारी उभं राहून कोरिनने तिला हळूच सांगितलेलं मी ऐकलंय.

"भूक लागली की बर्फ चघळ. सवय होते."

"आणि चक्कर आली तर?"

"येते. मग जाते."

त्याच हंगामात, साध्या सपाट गवतावर धावताना कोरिनच्या नडगीचं हाड मोडलं. कोणी धक्का दिला नव्हता, पायही मुरगळला नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, शेवटची पाळी कधी आली? तिला आठवेना. शेजारी बसलेल्या लोरेटाबाईंनी तोंड फिरवलं म्हणे.

सोमवारी कोरिन कुबड्या घेऊन रांगेत आली. तिचा नंबर आल्यावर कोच म्हणाले, "कुबड्या भिंतीला लाव आणि चढ. बसून राहिलं की वजन वाढतं. पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती हवीय ना?"

ती चढली नाही. कोचकडे तिने पाहिलंही नाही.

"जूनी, मी तुला बर्फ चघळायला सांगितलं होतं. नको चघळूस. वर्षभर मला पाळी आली नाही. हे हाड उपाशी राहून मोडलंय. आणि मी तेच तुम्हाला शिकवत होते. लाज वाटते मला."

"हे असं चारचौघांत बोलायचं नसतं," कोच म्हणाले.

"आमची वजनं तर चारचौघांतच बोलता, कोच."

रांगेत कोरिनच्या मागे असलेल्या जूनीचा एक पाय एव्हाना माझ्यावर होता. तो उचलला गेला. ती खाली बसून मोजे घालू लागली. मग तिच्या मागची, मग तिच्याही मागची. लोरेटाबाई खोलीतून बाहेर आल्या. कोचच्या देखत त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं, धापा टाकत आत नेलं आणि दार लावलं.

मुलींनी मिळून तक्रार केली. चौकशी झाली. कोच दुसऱ्या कॉलेजात गेले, निरोपाला केकही कापला गेला. माफी कोणी मागितली नाही. कोरिनची शिष्यवृत्ती टिकली. वेग मात्र परत आला नाही.

आता मी पुन्हा बाईंच्या खोलीत आहे. मुली माझ्या आकड्यांकडे पाठ करून उभ्या राहतात, बाई आकडा मनातल्या मनात वाचतात. मी कधी खोटं बोललो नाही. तरी त्या बोळातून कोणाचं हसू ऐकू आलं की मला अंग चोरून घ्यावंसं वाटतं. तुमच्या घरी, तुमच्या शाळेत माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला चारचौघांत मांडू नका, एवढंच सांगणं आहे.

कोरिन अजून येते. चढण्याआधी दर वेळी विचारते, "दार लावलंय ना?" बाई म्हणतात, "लावलंय गं." मग ती पाठमोरी उभी राहते.

तिचं वजन वाढतंय. तिला ते सांगावं असं फार वाटतं. पण माझ्याकडून तिने पुष्कळ ऐकून घेतलंय.