मी टक् करते आणि अंगठा उडतो

मी एक जुनी कॉईल आहे. डासांची नाही हं, मित्रांनो, मेंदूची. तांब्याच्या तारेची दोन वेटोळी शेजारी शेजारी बसवून मला घडवलं. बटण दाबलं की पापणी लवायच्या आत मी चुंबक होते, 'टक्' असा आवाज करते आणि पुन्हा गप्प. माझी शक्ती कवटीतून थेट आत जाते आणि मेंदूचा तेवढाच कोपरा जागा करते. सुई नाही, टाका नाही. आहे की नाही कमाल?

तरुणपणी मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत होते. मेंदूचा कुठला भाग कुठलं बोट हलवतो, हे संशोधक माझ्या मदतीने शोधायचे. माझे फोटो छापून यायचे. मग नवं यंत्र आलं आणि मी फडक्याखाली गेले. शेवटी राजनंदिनी डॉक्टरांनी मला बीडकडच्या केजला, आपल्या दवाखान्यात आणलं, उदास होऊन मिटून गेलेल्या माणसांसाठी.

मला वाटलं, आता रांग लागेल. कसली रांग? "तिथं शॉक देतेत," ही बातमी जीपमध्ये बसून माझ्याआधी गावोगाव पोचली होती. माझ्याजवळ येताना घड्याळ, मोबाइल, कानातलं बाहेर ठेवावं लागतं. लोक स्वतःलाच बाहेर ठेवू लागले. दिवसभर मी पंख्याचा आवाज ऐकायची.

एक दिवस नेकनूरकडची जानकीबाई आली. शेळ्या राखणारं घर. पूर्वी तिची हाक ओढ्यापलीकडे जायची म्हणे. आता पोटची पोर संस्कृती "आई, आई" करत पदर ओढायची, तरी ती भिंतीकडे बघत बसायची. सोबत सासू छबुबाई होती.

किती जोर लावायचा हे ठरवायला डॉक्टर आधी मेंदूतली अंगठा हलवणारी जागा शोधतात. त्यांनी मला जानकीबाईच्या डोक्यावर धरलं. टक्. तिचा अंगठा आपोआप उडाला.

छबुबाईने हात जोडले. "आई आली गं माय अंगात. उठ जानके, आता दवाखाना न्हाई. देवीची परडी भरावी लागंल."

दोघी निघून गेल्या. उपचार रोज घ्यावा लागतो, मित्रांनो. मधेच सोडला तर काय उपयोग? मी खुर्चीकडे बघत राहिले. मला हाक मारता येत नाही.

दोन दिवसांनी छबुबाई परत आली. हातात खण-नारळ. जिथे देवी आली तिथे ओटी भरायची, म्हणून. ओटी माझी! मागे जानकीबाई, तशीच गप्प.

डॉक्टर हसल्या नाहीत. "मावशी, आधी माझा अंगठा बघा." त्यांनी मला स्वतःच्या डोक्यावर धरलं. टक्. अंगठा उडाला.

"तुमच्याबी अंगात येतंय व्हय?"

"येत नाही मावशी. हे यंत्र मेंदूला ढोसतं, मग अंगठा हलतो."

छबुबाईने मला वरून खालून निरखलं. मग म्हणाली, "मंग हिचं त्वांड कावून हालंना?"

"त्यासाठीच रोज आणा म्हणते."

"आणते. पर नारळ माघारी न्यायची न्हाई."

त्या रोज येऊ लागल्या. मी कपाळाच्या डाव्या बाजूला टकटक करायची, छबुबाई शेजारी बसून डुलक्या घ्यायची. काही आठवडे गेले. मग एका सकाळी जानकीबाई खुर्चीत बसता बसता म्हणाली, "जीपवाल्यानं मला लई दाबून बसवलं. उद्या म्या म्होरं बसणार हाय."

छबुबाई खाडकन जागी झाली. "बस की. त्याच्या मांडीवर बस," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसत राहिली.

उपचार संपला. जानकीबाई आता येत नाही. मी एकटी आहे, पण बरी झालेली बाई इथे कशाला येईल? तिकडे शेळ्या आहेत, संस्कृती आहे.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, झाकून ठेवा, असं काही मी मागत नाही. तुमच्या घरात कुणी बोलेनासं झालं, तर त्याला घेऊन डॉक्टरांकडे या. देवाला नारळ जरूर फोडा, पण इकडेही या. आणि त्याला एकट्याला पाठवू नका. गप्प खोलीत बसणं किती जड असतं, ते मला विचारा.