करंगळी

ट्यूब अजून कोमट होती. अंगठ्यापेक्षा थोडी जाड, टोकाला आतून चंदेरी डाग असलेली काचेची नळी – अॅम्प्लिफायरच्या पाठीमागून त्याने ती रुमालात धरून, हलवत हलवत उपसली होती, आणि आतला पत्रा काळवंडलाय का ते उजेडात पाहत असतानाच फोन वाजला. बायको ज्या औषधांच्या दुकानात कामाला होती तिथला माणूस बोलत होता. ताबडतोब या म्हणाला. कुठल्या हॉस्पिटलात ते सांगितलं. काय झालं ते सांगितलं नाही. ट्यूब कुठे ठेवावी हे काही सुचेना, म्हणून त्याने ती शर्टाच्या खिशात टाकली आणि तो तसाच निघाला. तिथे डॉक्टर फार सावकाश, शब्द वेचून बोलत होते, आणि हा डाव्या हाताने छाती धरून उभा – कुणाचा धक्का लागून काच फुटू नये म्हणून. नर्सने ते पाहिलं, त्याला धरून खुर्चीवर बसवलं, बाही वर सारली. "काका, छातीत दुखतंय का?"

"नाही," तो म्हणाला, "ट्यूब आहे."

ती बिचारी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघायला लागली. आणि त्याच्या मनात आलं, हे घरी गेल्यावर हिला सांगायलाच हवं, हसून हसून लोळेल… आणि तेव्हा, डॉक्टरांच्या बोलण्याने नाही, तर या विचाराने त्याला कळलं की ती गेली.

त्याला आता वर्ष होत आलं. तीच ट्यूब आज पुन्हा आपल्या जागेवर होती. त्याने पाठीमागचं बटण दाबलं, पुढचा लाल दिवा लागला, आणि तो स्टुलावर बसून राहिला. या जातीच्या अॅम्प्लिफायरला घाई चालत नाही. आधी ट्यूब तापू द्यायच्या, मग दुसरं बटण, मग आवाज. ती म्हणायची, तुझ्यासारखाच आहे हा, सकाळी उठवला तर चहा होईपर्यंत बोलत नाही.

संध्याकाळी हॉलमध्ये कार्यक्रम होता. बायको ज्या बँडमध्ये लीड गिटार वाजवायची तो बँड तिच्यानंतर बंदच पडला होता, म्हणजे कुणी बंद केला नव्हता, पण कुणी फोनही करत नव्हतं. मग लेक म्हणाली, मी वाजवते. सगळे एकदम गप्प झाले आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. सकाळीच ड्रमवाल्याचा फोन येऊन गेला होता. "कानसेन, साउंड नीट लावून ठेव रे बाबा. पोरगी घाबरलीय. तू घाबरू नकोस म्हणजे झालं."

कानसेन हे नाव तिनेच ठेवलेलं. त्याला एक सूर गाता येत नव्हता, पण आवाज लावायचा तो यानेच, हे लग्नाआधीपासून ठरून गेलं होतं. वाजवणारा माणूस अॅम्प्लिफायरच्या पुढ्यात उभा असतो, त्याला आपला आवाज लोकांपर्यंत कसा पोचतो ते कळत नाही. ते समोरच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्याला कळतं. म्हणून ती वाजवायची आणि तो भिंतीपाशी. तो चालत यायचा, नॉब केसभर फिरवायचा, परत भिंतीकडे. पुन्हा. दिवसभर छापखान्यात मशीनवर उभं राहून पाय दुखत असायचे, पण या येरझाऱ्यांचा कधी कंटाळा आला नाही. ती आकड्यांकडे ढुंकूनही बघत नसे. शेवटी तो मान हलवायचा आणि ती सगळ्यांना सांगायची, "झालं, कानसेनने लावलं. आता कुणी हात लावायचा नाही."

आकडे त्याला पाठ होते. गेन इतका, की लांबवलेला सूर विझत न जाता गात राहील, पण घसा बसल्यासारखा होणार नाही. बेस कमी, नाहीतर मोठ्या आवाजात सगळा चिखल होतो. मिडल चढा – लीडची जागा तिथेच असते, ड्रम आणि बाकीच्यांच्या गर्दीतून वाट काढायची ती त्याच अंगाने. आणि ट्रेबल, म्हणजे वरच्या सुरांची धार, साडेसातावर. पूर्वी तो पाचावर असायचा. मग सहा, मग सात… वर्षागणिक आवाजाची धार जात होती, आणि तो ट्यूब बदलत होता, एकदा तर स्पीकरही बदलला. काढलेल्या ट्यूब बुटांच्या खोक्यात निगुतीने ठेवलेल्या. त्या दिवशी सकाळीसुद्धा तो तेच म्हणत होता, धार गेलीय, ट्यूब थकल्यात, आणि ती चपला घालता घालता म्हणाली, "चांगल्या आहेत रे त्या. पण तुला बदलायच्याच असतील तर बदल." तिचं शेवटचं वाक्य. इतकी वर्षं संसार करून शेवटचं वाक्य ट्यूबबद्दल. त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटायचं. भांडणावर संपलं नाही, देण्याघेण्यावर नाही, चालू कामावर संपलं.

लेक आली ती पाठीवर आईची गिटार घेऊन, आणि आल्या आल्या स्वयंपाकघरात गेली. फ्रिजचं दार लावल्याचा आवाज आला.

"बाबा, दार उघडं होतं. कधीचा बोंबलतोय तो."

"बोंबलत नाही तो. त्याचा आवाज बिघडलाय. बरेच दिवस झाले, वाजतच नाही."

ती दारात येऊन त्याच्याकडे बघत राहिली. मग खाली बसून गिटारची पेटी उघडली.

त्याने नॉब लावले. एकेक नॉब त्या त्या आकड्यावर आला, जणू कुलपात किल्ली फिरावी तसा, आणि तो भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. लेकीने गिटारवरचे सगळे नॉब पूर्ण उघडले, एकदा बोटं मोडली, आणि तार छेडली.

आला. तोच… नाही, त्याहून साफ. त्याच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं कार्यक्रमात जो आवाज तो शोधत होता, कडांना चकचकीत, काचेसारखा, तो समोर उभा होता, आणि तो ऐकायला नेमकी ती नव्हती. बघ गं, लागला, त्याने मनात म्हटलं. मी म्हणत होतो ना, लागेल…

लेक थांबली. तिने हात कानावर नेला होता.

"बाबा, हे काय आहे! कानात सुई टोचल्यासारखं वाटतंय."

"हेच आहे. आईचंच. केसाचाही फरक नाही."

"आईचं असं कधी होतं?"

"मी लावायचो, मला माहीत नाही?"

तिने पुन्हा वाजवलं, अर्ध्यावर सोडलं. पुन्हा. तिसऱ्यांदा तिने गिटार मांडीवर आडवी ठेवली. "मग माझाच हात वाईट आहे," ती म्हणाली. "बँडवाल्यांना फोन कर. मी नाही वाजवत आज. तिथे सगळे आईला ऐकायला येणार, आणि मी हे असलं ऐकवू?"

तिची मान खाली. लहानपणी पडली की अशीच बसायची, रडण्याच्या आधी. काय सांगावं? त्याला वाजवण्यातलं काही कळत नव्हतं. त्याला फक्त आठवत होतं, बायको कशी उभी राहायची ते. त्याने मान हलवली की ती त्याच्याकडे पाठ करायची, बँडकडे वळायची, आणि सुरू करण्याच्या अगदी आधी उजव्या हाताची करंगळी गिटारच्या अंगावर अशी अलगद, एकदाच… कपाळावरची बट मागे सारावी तशी. सवय तिची. तो ती बघायला टपलेला असायचा. ती करंगळी हलली की त्याला वाटायचं, आता सगळं नीट होणार.

"एक कर," तो म्हणाला. "आई सुरू करायच्या आधी करंगळी अशी फिरवायची बघ. तेवढं करून बघ."

"काहीतरीच काय, बाबा."

"असू दे काहीतरीच. कर तर खरी."

त्याच्यासाठी म्हणून तिने हात ठेवला. करंगळी नेली. तिथे टोनचा, गिटारवरूनच धार कमी करायचा नॉब होता. ती क्षणभर थांबली, मग नॉब मागे फिरवला, अर्ध्याच्याही खाली, आणि तीच ओळ वाजवली.

आवाज बोथट झाला. तोच बोथटपणा, त्याच्या ओळखीचा, ज्याच्यासाठी त्याने खोकंभर ट्यूब काढून ठेवल्या होत्या. पण लेकीचा चेहरा उजळला होता. ती वाजवत राहिली, डोळे मिटून, आणि थांबली तेव्हा हळूच म्हणाली, "हाच. हाच आईचा."

अॅम्प्लिफायर बारीक गुणगुणत होता. म्हणजे गुणगुणत असावा.

"बाबा… वरचे आवाज तुला येतात का ऐकू? फ्रिजचा वगैरे?"

छापखान्यातलं मशीन, त्याच्या मनात आलं. कानात बोळे घाला असं तिथे कुणी सांगितलं नाही, सांगितलं असतं तरी आम्ही घातले नसते, हसलो असतो. इतकी वर्षं ते मशीन एकेक सूर वरून खुडत गेलं आणि मी म्हणत राहिलो, ट्यूब थकल्यात. आणि तिला माहीत होतं. ट्रेबल पाचाचा सहा झाला तेव्हाच माहीत झालं असणार. फ्रिज ओरडायचा आणि ती माझ्यामागून येऊन दार लावून जायची, मला वाटायचं, पाणी घ्यायला आली. मी सुई टोचेल असा आवाज लावायचो, मान हलवायचो, आणि ती साऱ्या बँडसमोर सांगायची, कुणी हात लावायचा नाही – आणि पाठ फिरवून स्वतःच… एवढ्याशा बोटाने. ड्रमवाल्याला कळलं नाही. पोटच्या पोरीला कळलं नाही. मी वर चढवत गेलो, ती खाली आणत गेली, आणि मधे कुठेतरी तो आवाज होता, ज्याला लोक तिचा म्हणायचे.

राग येतो का, त्याने स्वतःला चाचपून पाहिलं. फसवलं म्हणावं, तर फसवून तिने घेतलं काय? भिंतीपाशी एक माणूस उभा राहू दिला, एवढंच. आपला माणूस उपयोगी आहे असं त्याला वाटत राहावं, म्हणून ती कार्यक्रमामागून कार्यक्रम वाकडा आवाज सरळ करून घेत राहिली आणि कधी एका शब्दाने बोलली नाही. 'चांगल्या आहेत रे त्या.' जवळजवळ बोललीच होती की. शेवटच्या दिवशी, चपला घालताना. तो मोठ्याने हसला, आणि लेक दचकली.

"काय झालं?"

"काही नाही. तुझी आई पक्की होती."

लेक उठून त्याच्यापाशी आली. भिंतीला टेकून उभी राहिली, तो उभा होता तशीच. मग म्हणाली, "तू लावलंयस ते राहू दे, बाबा. मी इथे गिटारवर कमी करून घेईन. आईसारखं."

तिने ते इतकं सहज म्हटलं की तो हो म्हणणार होता. किती सोपं होतं. संध्याकाळी तो हॉलच्या टोकाला उभा राहील, मान हलवेल, एक करंगळी हलेल, आणि सगळं पूर्वीसारखं.

"नको," तो म्हणाला. "तू नको करूस. तिने केलं तेवढं पुष्कळ झालं. तुझे सगळे उघडे ठेव. मी खाली आणतो, तू सांग."

"पण मग तुला नीट ऐकू…"

"वाजव."

ती वाजवू लागली आणि तो भिंत सोडून अॅम्प्लिफायरपाशी उकिडवा बसला. ट्रेबल साडेसातावरून सातावर. "अजून," ती म्हणाली. सहा. "अजून थोडा." आवाज त्याच्यापासून लांब जात होता, आधी शेजारच्या खोलीत, मग त्या खोलीचं दार लावून घेतल्यासारखा. नॉब पाचाच्या खाली गेला. आता तर रजईतून ऐकावं तसं. त्याने वर पाहिलं. लेकीचे खांदे खाली आले होते, ताठलेलं मनगट सैल पडलं होतं, आणि ती त्याच्याकडे न बघता, स्वतःशीच वाजवत होती. हा आवाज तिच्या आईचा नव्हता. कुणाचा होता ते त्याच्या कानांना कळत नव्हतं, पण तो तिच्या खांद्यांकडे बघत राहिला आणि त्याला बरं वाटलं – फार दिवसांनी, कुणाचे तरी आभार मानायचे आहेत आणि त्यासाठी हातात काम आहे, असं बरं.

"इथे?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली.

ट्रेबल झाला होता. मिडल अजून लावायचा राहिला होता.