बोटभर जागा

ओल्या कापसाचा बोळा सुनीतीने मडक्याच्या गळ्यावरून तिसऱ्यांदा फिरवला. खालची मातीच फिकी होऊ लागली. वरचा काळा रंग मात्र सासरी मुरलेल्या सुनेसारखा ढिम्म हलेना.

मडकं शेजारच्या डोरोथीचं. ती खुब्याच्या ऑपरेशनसाठी लीड्सच्या हॉस्पिटलात, आणि कुंड्यांना पाणी घालायला किल्ली सुनीतीकडे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या प्वेब्लो आदिवासींच्या एका गावातल्या लीनाने, डोरोथीच्या जुन्या मैत्रिणीने, ते हाताने घडवलेलं. गळ्याभोवती काळी रेघ, पण टोकं जुळलेली नाहीत. बोटभर जागा उघडीच. रांगोळीची रेघ अशी सोडली असती, तर आईने पाठीत धपाटा घातला असता. बिचारीचं राहून गेलं असेल, म्हणत सुनीतीने लेकीच्या अॅक्रिलिक रंगाने ती जोडून टाकली. वर स्वतःवर खूशही झाली.

काल व्हिजिटिंग अवरला डोरोथी सहज म्हणाली, "ती जागा लीनाने मुद्दाम सोडलीय. तिची आईही सोडायची."

म्हणून आज सकाळपासून हा ओला बोळा चालला होता.

दुपारी डोरोथी वॉकिंग फ्रेम टेकत घरी आली, ती थेट खिडकीपाशी. मडक्याकडे बघत राहिली.

"माझंच काम," सुनीती म्हणाली. "मला वाटलं, विसरली असेल."

"मीही तिला तेच म्हणाले होते."

"मग? का सोडतात?"

"आमच्याकडे सोडतात, म्हणाली. आणि मका सोलायला बसली. मी पुन्हा नाही विचारलं."

डोरोथीने मडकं हलकेच फिरवलं. जोडलेली बाजू भिंतीकडे गेली.

"चहा करतेस?"

ही रागावली, की नाही? सुनीतीला काही उमजेना. एकाच मगात दोन टीबॅगा पडल्या.

आठवड्याने दिवाळी आली. डोरोथीला फराळाला बोलावलं होतं. सुनीती रांगोळी काढून उठली, तर तिचा नवरा सतीश चिमटीत रांगोळी घेऊन वाकलेला.

"अगं, इथे राहिलंय. जोडतो."

तिने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे."

"का?"

"माहीत नाही रे."

"म्हणजे काय? तूच काढलीस ना?"

फ्रेम ठकठकत दारापाशी येऊन थांबली. डोरोथी फ्रेमवर रेलून त्या बोटभर जागेकडे बघत होती.

सुनीतीने सतीशचं मनगट अजून सोडलं नव्हतं.