खोटी जांभई

"अरे, जांभई तरी नीट देत जा. परवाची अगदीच नाटकातली वाटली," कृष्णकांत बाल्कनीत फोनवर कुरकुरत होता.

मैथिली मागेच, ओल्या कपड्यांची बादली घेऊन उभी. तिला बघताच तो "यल्ला, चल, ठेवतो" म्हणाला आणि फोन खिशात गेला.

"कोण होतं?"

"ऑफिसातला जमाल."

जमालशी मराठीत? तिने चिमटे जरा जोरात लावले.

जांभया देणारा एकच माणूस तिच्या ओळखीचा होता. तिचा मुलगा आशुतोष पुण्याला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेला, तेव्हापासून रोज ती फोन करून त्याला उठवायची. पुण्याचं घड्याळ दीड तास पुढे, म्हणजे इथे मस्कतला, अल् घुब्र्यात, उजाडायच्या आत. शाळेत असताना पांघरुणं ओढून उठवलेलं पोरगं. आपला फोन नसेल तर ते पहिलं लेक्चर बुडवणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने फोन कानाला घट्ट लावला. "हं... आई... उठतो," आणि मग लांबलचक जांभई. मागून कुणीतरी ओरडलं, "दोन पोहे, एक चहा!"

"कुठे आहेस रे?"

"बेडमध्ये."

गादीवर पोहे मिळणारं होस्टेल तिने तरी ऐकलं नव्हतं. मुलगी असेल? वाईट संगत? की कॉलेजच सोडलंय? एकुलता एक मुलगा हातून निसटत होता आणि बाप त्यात सामील होता.

गंमत म्हणजे नोकरीही तिची अशाच मुलांना मार्गी लावायची. मस्कतच्या एका खाजगी कॉलेजात ती पहिल्या वर्षाच्या मुलांची सल्लागार. त्या दिवशी निदा आली, सोबत मोठा भाऊ झैन. मैथिली विचारी निदाला, उत्तर येई झैनकडून.

"तुम्ही जरा बाहेर बसा," ती शेवटी त्याला म्हणाली. "तिचं तिला बोलू द्या."

दार लागताच निदा घडाघडा बोलायला लागली. विषय बदलायचं तिने केव्हाच ठरवलेलं, विभागप्रमुखांना भेटूनही आली होती.

"मग इतका वेळ गप्प का बसलीस?"

"मॅडम, तो सुट्टी काढून आलाय. त्यालाही काहीतरी करू द्यायला नको?"

मैथिली हसली. मग तिला आशुतोषची जांभई आठवली.

संध्याकाळी नवऱ्याला शेजारी बसवून तिने व्हिडिओ कॉल लावला.

"सकाळी मी फोन करते तेव्हा तू कुठे असतोस, आशू? खरं सांग."

आशुतोषने बापाकडे पाहिलं, बापाने पंख्याकडे.

"चहा टाकू का?" कृष्णकांत म्हणाला.

"अहो, बसा!"

"कँटीनमध्ये," आशुतोष म्हणाला. "रनिंग करून येतो, मग ब्रेकफास्ट. मी माझा मीच उठतो, आई. फर्स्ट वीकपासून."

"आणि हे यांना माहीत होतं?"

"मीच म्हटलं, चालू दे," कृष्णकांत पुटपुटला.

"पण खोटं कशाला?" तिचा आवाज चिरकला. "सरळ सांगितलं असतंस तर मी फोन करायचं बंद केलं असतं!"

"म्हणून तर नाही सांगितलं." तो मराठी शब्द शोधत म्हणाला. "ऊठ, उठलास का, परत झोपू नकोस... हे सोडून आपण दोघं बोलतो काय, आई? काहीच नाही."