तळाचं पाणी

दीपालीने बाटलीत चौथा थेंब टाकला आणि पाणी निळं व्हायची वाट पाहिली. झालं नाही.

मासवणच्या पलीकडच्या पाड्यावर, तळ्याच्या पूर्वेच्या काठावर, तिच्याभोवती पंधरा-वीस माणसं जमली होती. पाच दिवसांत तीन शेळ्या आणि एक वासरू गेलं होतं. सगळी इथेच पाणी प्यायलेली. पायांना झटके आले, तोंडाला फेस आला, दिवस मावळायच्या आत कारभार आटोपला. बोईसरच्या कारखान्याचा टँकर कोणीतरी इथे ओतून गेला, याबद्दल पाड्यात दुमत नव्हतं. दीपाली बोईसरलाच पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. गुरुवारी पाठवलेल्या बाटलीत तिला ना आम्ल सापडलं, ना धातू. म्हणून आज ती स्वतःच आली होती, फॉस्फरस तपासायचे थेंब घेऊन. तो असला, तर पाणी निळं होतं.

"काय निगाला, बाय?" शेजारच्या कमलाकांतकाकांनी विचारलं.

"यात तरी काही दिसत नाही, काका."

"चार थेंबांत कळला? आमचा भगत तर आदी कोंबडा मागतो."

माणसं हसली. पाच दिवसांत पहिल्यांदाच हसली असावीत. तिचं 'यात तरी' कोणाच्या कानात राहिलं नाही. पाणी साफ हाय, जिवल्याची शिकलेली पोर सांगते, असं म्हणत सगळे पांगले.

ती मात्र तिथेच बसून राहिली. पाणी इतकं हिरवं, की भिंतीला फासावं. आणि त्यात फॉस्फरस नाही? मग हे हिरवं शेवाळ जगतं कशावर?

काठावर बेडूक नव्हता, चतुर नव्हता. दुपारी समुद्राकडून वारा आला की ही शेवाळाची साय पूर्वेच्या काठाला लागायची आणि सकाळी डोंगराकडचा वारा सुटला की पश्चिमेच्या. लोकांनी गुरांचा काठ बदलला, की तीही तिकडे हजर. तळं मागं येतं, असं बाया दबक्या आवाजात म्हणत. वाऱ्याचं कारण दीपालीला ठाऊक होतं. तरी त्या सायीकडे पाठ करून बसणं तिला जमेना.

ती सांडव्याच्या भिंतीवर गेली. तिथे तळं सगळ्यांत खोल. बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी, आणि बाटली तळाला टेकल्यावर बूच ओढलं. वर आलेल्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास होता. तिने थेंब टाकले. एक, दोन. तिसऱ्याची गरजच पडली नाही. पाणी निळं झालं, मग आणखी निळं, शेवटी शाईसारखं काळपट.

पहिली बाटली रिकामी का निघाली, हे तिला आता समजलं. तळातून जे वर येत होतं, ते वर पोचायच्या आत हिरवं खात होतं. सगळं त्याच्या पोटात होतं, आणि असं माजलेलं हिरवं पाण्यात विष सोडतं.

आणि ते तळाला कोणी नेलं, हेही तिला भिंतीवरूनच दिसत होतं. वरच्या खाचरांच्या प्रत्येक बांधाला एक खांड होती, पाणी जाण्यापुरती फट. जूनमध्ये वलगणीचे मासे ओहोळातून चढून भाताच्या खाचरात अंडी घालायला येतात. लोक मासे धरतात आणि बांध लिंपतात. तिचा बाप जिवल्या लिंपू देत नसे. "लेकुरवाळी हायेत, माघारी जाव दे त्यांना," म्हणायचा. त्याचं बघून सगळ्या पाड्याने चिखलणीपासून लावणी होईपर्यंत खांडी उघड्या ठेवल्या. त्याच चिखलावर डीएपी खत पडायचं, त्यातला फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटायचा, आणि गढूळ पाणी खांडीखांडीने तळ्यात उतरायचं. वीस-बावीस पावसाळे. तळाच्या पाण्यातली हवा संपली, तेव्हा गाळाने धरलेला फॉस्फरस सोडायला सुरुवात केली.

बाप जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याने टाकलेलं खत अजून खालून वर येत होतं.

मग तिला आई आठवली. गुडघे धरून पाच दिवस सडकेवरच्या हातपंपाचं पाणी गाभण म्हशीला वाहणारी. आज पाणी साफ आहे, असं लेकीच्या हवाल्याने ऐकलेली.

दीपाली पळाली.

पश्चिमेच्या काठावर तिची आई नवसी दगडावर बसली होती. चांदी म्हैस गळ्यापर्यंत पाण्यात, डोळे मिटून. इथलं पाणी नितळ होतं.

"आये! भायेर काढ तिला! प्यायली का?"

"आताच शिरली. तूच तर सांगलास..."

"मी चुकले. काढ!"

चांदी ढिम्म. समुद्राकडचा वारा कधीच पडला होता. पूर्वेला, मनोरच्या अंगाला काळे ढग चढले होते आणि तिकडून पहिली गार झुळूक आली. समोरच्या काठाची साय सुटली. पाण्यावर लाट नव्हती, आवाज नव्हता. एक हिरवी कड तेवढी सरळ रेषेत त्यांच्याकडे निघाली, घाई नसल्यासारखी.

नवसी लुगडं खोचून पाण्यात उतरली. दीपालीने दावं ओढलं, आईने शेपूट पिरगाळली, म्हशीच्या मेलेल्या मालकाच्या, जिवल्याच्याच नावाने शिवी घातली. ती ऐकून असेल किंवा शेपटीमुळे, चांदी हलली. तिचे मागचे खूर चिखलातून निघेपर्यंत कड हातभर अंतरावर आली होती. मग ती काठाला लागली आणि चिखलातले खुरांचे खड्डे एकेक करून भरत गेली.

दीपालीने दावं मनगटाला गुंडाळलं.

"कुनी सोडला हा?" नवसीने विचारलं.

"आपणच, आये. बाबाने, सगळ्यांनी."

"खांडी लिंपल्या तर हा जाईल?"

"नवीन येणार नाही. तळाचं आहे, ते येतच राहील."

"किती वरसं?"

"गाळ तपासल्याशिवाय नाही सांगणार." दीपालीला आज दुसऱ्यांदा अर्धवट उत्तर द्यायचं नव्हतं. तिने दावं आईच्या हातात दिलं. "हिला गोठ्यात बांध. मी आधी काकांकडे जाते. त्यांची गुरं सुटायची वेळ झाली."




गोठ्यात चांदीने हातपंपाच्या पाण्याचा पहिला हंडा एका दमात संपवला. नवसीने तिच्या जिभेवर हिरवं आहे का, ते दोन्ही हातांनी जबडा उघडून पाहिलं. मग रिकामा हंडा उचलला आणि सडकेच्या वाटेला लागली.