कोरडी गाडी

नवी गाडी आली त्या दिवशी डेपोतल्या सगळ्यांनी तिच्यापुढे उभं राहून फोटो काढून घेतले. चावीबाईनेही काढला. डबे धुऊन घ्यायचे, तपासायचे, गाडी फलाटावर धाडायची आणि सुटण्याआधी ‘निघायला योग्य’ अशी सही करायची, हे तिचं काम. डब्यांची चौकोनी तोंडाची चावी कायम कमरेला, म्हणून हे नाव. फोटोत ती हसते आहे. आता तो फोटो बघितला की तिला स्वतःच्याच मुस्कटात मारावीशी वाटते.

गाडी देखणी होती, नाही कशाला म्हणा. आपोआप उघडणारी दारं, गुबगुबीत खुर्च्या, पुढचं स्टेशन सांगणारा गोड आवाज. जुन्या गाडीतली सगळी घाण खाली रुळांवर पडायची. या गाडीत संडासाखाली बंद टाक्या होत्या. उत्तम. पण टाकी म्हटली की भरणार, आणि भरली की कुठेतरी रिकामी करावी लागणार, हे घरात संडास असलेल्या कुणालाही कळतं. कळलं नव्हतं ते फक्त मुख्यालयाला. मैला उपसायचा पंप ना डेपोत होता, ना राजधानीच्या टोकाला. तो म्हणे तिसऱ्या टप्प्यात होणार होता. पहिल्या टप्प्यात राजधानीच्या स्टेशनावर काचेचं छत झालं आणि त्याखाली नाचणारं कारंजं. आधी कळस, मग पाया.

डेपोच्या साहेबांनी मग तोड काढली. मैला उपसणारा बाहेरचा टँकर आठवड्यातून एकदाच येणार, तोवर टाक्या पुरल्या पाहिजेत. तेव्हा दोन डब्यांत मिळून एक संडास उघडा ठेवायचा आणि बाकीच्यांना कुलूप.

“दारावर ‘बिघाड’ म्हणून चिकटवा,” साहेब म्हणाले. कागदावर काही नाही, सगळं तोंडी.

चावीबाईच्या कपाळावर आठी पडली, पण चावी तिने फिरवली. “नवीन गाडी आहे, सुरुवातीला थोडं इकडंतिकडं व्हायचंच,” असं तिने फिटरला सांगितलं. त्या फिटरला सगळे ‘पाना’ म्हणत.

“बाई, गाडी नवीन असली तरी माणसांची पोटं जुनीच आहेत,” पाना म्हणाला. ती हसली. तेव्हा हसू येत होतं.

चावीबाईची आई तिच्याकडेच राहायची. म्हातारीला मूतखड्याचा जुना त्रास, आणि राजधानीतले एक डॉक्टर सोडले तर तिचा कुणावर विश्वास नाही. दर महिन्याला ती गाडीने एकटी जायची. सोबत येते म्हटलं की, “मी काय पार्सल आहे का?” डॉक्टरांचा उपाय साधा होता: पाणी प्या, भरपूर प्या. घरात ती शहाण्या मुलीसारखी प्यायची, आणि प्यायल्यावर रिकामा पेला लेकीला उपडा करून दाखवायची.

एका दुपारी डेपोत फोन आला. आई दवाखान्याच्या दारातच चक्कर येऊन पडली होती.

“अंगात पाणी म्हणून नाही,” डॉक्टर चिडून बोलत होते. “मी पाणी प्या सांगतो आणि दर वेळी या वाळून माझ्यापुढे येतात. घरात कुणाचं लक्ष असतं की नाही?”

दुसऱ्या दिवशी सकाळी चावीबाई त्याच गाडीत प्रवासी म्हणून बसली. पहिल्यांदाच. आई बसायची तोच डबा तिने धरला. समोर एक शिक्षिका बसली होती, ओठ फुटलेले. चावीबाईने बाटली काढली आणि रीत म्हणून आधी तिच्यापुढे धरली.

“नको हो,” शिक्षिका म्हणाली. “नवीन दिसता. आम्ही हिला कोरडी गाडी म्हणतो. आदल्या संध्याकाळपासूनच पाणी बंद.”

“का?”

“जाऊन बघा ना. सगळ्या दारांवर ‘बिघाड’. एक उघडा आहे, तिथे रांग, आणि आत पाय ठेवायची सोय नाही. पुरुष मधल्या स्टेशनावर उतरून कुठेही उभे राहतात. आपण कुठे जायचं?”

चावीबाईने आजूबाजूला पाहिलं. डबाभर बायका होत्या आणि कुणाच्याच हातात बाटली नव्हती.

“मग तक्रार नाही केली कुणी?”

“करणारच होतो. पण एक आजी येतात दर महिन्याला, त्यांनी आम्हाला अडवलं. म्हणाल्या, ही कुलपं माझी लेक लावते. ती उगाच नाही लावणार, काही कारण असेल. तुम्ही तक्रार केलीत तर बोल तिला लागेल. त्यापेक्षा पाणी सोडा. मी सोडलंय, काही होत नाही.” शिक्षिकेने पर्समधून लिंबाची गोळी काढून दाखवली. “ही चघळायची. तेही आजींनीच शिकवलं. गोड आहे हो म्हातारी.”

कमरेची चावी चावीबाईच्या पोटात रुतत होती. बाटलीला झाकण लावून तिने ती पिशवीत टाकली.

“खोटारडी आहेस तू,” आईच्या खाटेपाशी उभी राहून ती म्हणाली. “माझ्यासमोर पेला उपडा करून दाखवतेस, आणि गाडीत सगळ्या जगाला तहान शिकवतेस!”

“ओरडू नकोस. इथे आजारी माणसं आहेत.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगून तू काय केलं असतंस? साहेबाशी भांडली असतीस. जमदग्नीचा अवतार तू, नोकरीवर पाणी सोडून घरी आली असतीस.” आईचा आवाज बसला होता. “आणि कुलूप तुझ्या हातचं. त्याच्याविरुद्ध मी कुठल्या तोंडाने बोलू?”

चावीबाई बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडली. रडताना तिला आणखीच संताप आला, कारण रडून टँकर येत नाही.

ती परतली तेव्हा डेपोत रंगरंगोटी चालली होती. मंत्री नव्या गाडीने प्रवास करणार होते. साहेबांच्या अंगात वारं शिरलं होतं.

“सगळे संडास उघडा, बाई. एकूण एक. दोन टँकर सांगितलेत.”

“म्हणजे टँकर मिळतो?”

“मंत्र्यांसाठी मिळतो.”

“मग रोज का नाही मिळत?”

“रोजचा खर्च कोण मंजूर करणार?” साहेब खुर्चीत मागे रेलले. “आणि लोकांची ओरड आहे कुठे? इतके दिवस गाडी धावतेय. एक तक्रार दाखवा मला. एक!”

तिच्याकडे दाखवायला तक्रार नव्हती, कारण एका म्हातारीने लेकीच्या मायेपोटी ती गिळून टाकली होती, पाण्याऐवजी.

मंत्री आले. गाडीत त्यांनी दोनदा कॉफी घेतली, दोनदा हात धुऊन आले आणि स्वच्छतेचं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी साहेबांचा तोंडी हुकूम आला: पुन्हा कुलपं लावा. चावीबाईने “बरं” म्हटलं आणि एकही कुलूप लावलं नाही.

टाक्या भरायला फार दिवस लागले नाहीत. गाडी फलाटावर उभी, प्रवासी बसलेले, सिग्नल मिळालेला, आणि चावीबाई सही करेना. साहेब धावत आले.

“काय तमाशा लावलाय?”

“टाक्या काठोकाठ भरल्यात, साहेब. ही गाडी निघायला योग्य नाही.”

“मग कुलपं लावा आणि सोडा!”

“कुलूप लावलं की आतली माणसं वाळतात. माझी आई वाळली. राजधानीच्या दवाखान्यात पडून होती ती, या तुमच्या गुबगुबीत खुर्चीतून उठून.”

“तुमच्या आईचा इथे काय संबंध?”

“तिची तक्रार आहे. तुम्ही एक मागितली होतीत ना? ही घ्या.” तिचा आवाज फलाटभर गेला. “तोंडीच आहे, तुमच्या हुकमासारखी!”

खिडक्यांतून माना बाहेर आल्या. शिक्षिका खाली उतरली, तिच्यामागे आणखी बायका उतरल्या, आणि कुणी काही न सांगता, गाडी सुटू नये म्हणून, त्या इंजिनाकडच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी घाम पुसत फोन लावला. ज्या टँकरसाठी आठवडा वाट बघावी लागायची, तो तासाभरात आला. भर दिवसा, सगळ्यांच्या नाकासमोर त्याने नव्या गाडीचं पोट उपसलं. कुणी नाकाला रुमाल लावला, पण जागचं कुणी हललं नाही.

चावीबाईला त्याच संध्याकाळी निलंबित केलं. कारण, गाडी रोखून धरली. पंप तिसऱ्या टप्प्यात ढकलणारे जागच्या जागी राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी. तिने चावी पान्याच्या हातात दिली तेव्हा त्या बापड्याला विनोदही सुचला नाही. पुढे तो घरी येऊन खबर द्यायचा: टँकर आता रोज येतोय. मग एक दिवसाआड येतोय. मग त्याने टँकरचा विषय काढणंच बंद केलं.

पुढच्या खेपेला चावीबाई आईसोबत निघाली. या वेळी आईने पार्सलचं नाव काढलं नाही. फलाटावरच्या बाकावर ती बसली, पिशवीतून बाटली काढली आणि गटागटा प्यायला लागली. नेहमीच्या बायका बघत राहिल्या.

“आई, बेताने,” चावीबाई खालच्या आवाजात म्हणाली. “आत उघडं असेल की नाही मला माहीत नाही. चावी आता माझ्याकडे नाही.”

आईने मनगटाने तोंड पुसलं.

“कुलूपच आहे ना? फोडू.”

मग तिने बाटली शिक्षिकेपुढे धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “घ्या बाई, प्या. मी चुकीचं शिकवलं होतं तुम्हाला.”

शिक्षिकेने बाटली घेतली, आणि मागचीने आपला हात पुढे केला.