उप्सालाच्या थंड खोलीतला काचेचा स्तंभ

मी प्रथिनं वेगळी करणारा काचेचा स्तंभ. हातभर उंच, अंगठ्याएवढा जाड. उप्साला शहरातल्या एका कारागिराने मला घडवलं आणि संशोधक राग्नहिल्डने माझ्यात पाण्यात फुगलेले बारीक मणी भरले. तेव्हापासून माझा मुक्काम प्रयोगशाळेच्या थंड खोलीत. माणसं इथे स्वेटर घालून येतात आणि नाक ओढत परत जातात.

माझ्यात वरून प्रथिनांचं मिश्रण ओततात, मागोमाग खारं पाणी. आडदांड प्रथिनं मण्यांना वळसा घालून सरळ खाली उतरतात. चिमुकली मात्र मण्यामण्याच्या भोकात डोकावत बसतात, म्हणून मागे राहतात. खाली ओळीने नळ्या लावलेल्या असतात. जे ते आपापल्या वेळेला त्यांत पडतं.

राग्नहिल्ड तीन वर्षं गाईच्या फुफ्फुसातलं एक प्रथिन शोधत होती, रक्त गोठू न देणारं. मिश्रणात त्याचा गुण दिसायचा. माझ्यातून बाहेर पडलं की गायब! मलाही कोडं पडायचं, माझ्या पोटात जातं तरी कुठे?

शेवटी तिचा साहेब स्टेलान वैतागला. "स्तंभ बिघडलाय तुझा. फेकून दे, आणि विषयही बदल."



राग्नहिल्ड नळ्यांकडे बघत होती. "शेवटच्या नळ्या आपण रोज मोरीत ओततो. का रे?"

"त्यांत काही नसतं म्हणून."

"कधी पाहिलंस?"

राग्नहिल्डने सुई उचलली.

"बोट दे."

"माझं कशाला?"

"शंका तुझी आहे ना!"

तिने सुई टोचली. एक थेंब मधल्या नळीत, एक शेवटच्या, अठ्ठावन्नाव्या नळीत. थंडीत रक्त उशिरा गोठतं, म्हणून दोन्ही नळ्या मुठीत धरून ती उभी राहिली. दोघांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. 

बऱ्याच वेळाने तिने मूठ उघडली. मधल्या नळीत लाल गुठळी. अठ्ठावन्नावी तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं ओघळलं. म्हणजे ते प्रथिन चिमुकलं होतं, सगळ्यांच्या मागून उतरायचं!

स्टेलानने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग हळूच हात पुढे केला. "दुसरं बोट देऊ?"

राग्नहिल्ड इतकी हसली की माझे मणी थरथरले.

त्या नळ्या घेऊन दोघं बाहेर धावली. आज मी रिकामा, कोरडा, वरच्या फळीवर उभा आहे. त्या चिमुकल्याचं नाव काय ठेवलं, ते कुणाच्या कामी आलं का, मला कुणी सांगितलंच नाही. तुम्हाला कळलं, तर दार जरा किलकिलं करून मला सांगाल?